रसाची पारख आणि नांवाची किंमत

वस्तूची किंमत निराळी आणि तिची योग्यता निराळी, हें तत्त्व तोंडानें आपण सर्वच मान्य करतों. व्यवहारांत मात्र एखाद्या वस्तूला मोठी किंमत आली कीं तिची योग्यताहि तितकीच मोठी असली पाहिजे, असें आपलें मन नकळत ठरवून मोकळें होतें. ग्रंथ, चित्र, गायन यांच्या बाबतींत ही गल्लत रोज घडते, आणि रोज घडते म्हणूनच ती डोळ्यांत भरत नाहीं. ती किती दूरवर जाऊं शकते याचें एक विलक्षण उदाहरण बेंजामिन वॉलेस या अमेरिकन पत्रकारानें आपल्या ‘द बिल्यनेअर्स व्हिनेगर’ या इंग्रजी पुस्तकांत सांगितलें आहे. पुस्तक २००८ सालचें. ‘अब्जाधीशाचा शिरका’ असें त्याच्या नांवाचें मराठी करतां येईल. जुन्या फ्रेंच लाल मद्याचा संग्रह, त्याचे लिलाव आणि त्या लिलावांतून उद्भवलेलें एक प्रकरण हा त्याचा विषय आहे. त्यांतील हकीकत अनेकांनीं वाचली असेल. परंतु तिच्यांतून परीक्षणाविषयीं जो प्रश्न निघतो त्याचा विचार स्वतंत्रपणें करण्यासारखा आहे, आणि तो करावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मद्याचें नांव निघतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आंठ्या पडतील, हें मी जाणून आहें. मला मद्याची भलावण करावयाची नाहीं, आणि निंदेचा तर हा प्रसंगच नव्हे. पण ज्या घराचा उंबरठा बाटलीनें कधीं ओलांडला नाहीं, त्या घरांतील वाचकालाहि हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या साहित्यशास्त्रांतला सर्वांत मोठा शब्द जो ‘रस’, तो मुळांत जिभेचाच शब्द आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भरतमुनीला रस म्हणजे काय हें समजावून द्यावयाचें होतें, तेव्हां त्यानें दृष्टांत घेतला तो नाना व्यंजनांनीं सिद्ध केलेल्या अन्नाचा व तें प्रसन्न मनानें सेवन करणाऱ्या माणसांचा. काव्याच्या आस्वादासाठीं जिभेचा दृष्टांत चालतो, तर जिभेच्या आस्वादाकडे पाहून काव्याच्या परीक्षकांनीं चार गोष्टी शिकाव्या यांत गैर तें काय?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत गारोन नदीच्या कांठीं बोर्दो हें शहर आहे. त्याच्या आसपासच्या मुलुखांत काबर्ने सोव्हिन्याँ, मेर्लो वगैरे जातींचीं काळीं द्राक्षें पिकतात. त्यांचा रस सालीसकट आंबवितात. त्यामुळें सालींतला रंग आणि तुरटपणा मद्यांत उतरतो. मग ओक लांकडाच्या पिंपांत कांहीं काळ ठेवून तें बाटल्यांत भरतात. नवें असतांना हें मद्य जिभेला चिमटा घेतें. पण बाटली आडवी, बूच ओलें राहील अशी, थंड व अंधाऱ्या तळघरांत स्वस्थ पडूं दिली, तर दहा, वीस, आणि साल उत्तम असल्यास चाळीस-पन्नास वर्षांपर्यंत त्याच्यांत हळूहळू पालट होत राहतो. तुरटपणा मऊ होतो. जांभळा रंग विटकरी छटेवर येतो. तळाशीं गाळ बसतो. आणि फळांचा ताजा वास मावळून देवदाराचें लांकूड, तंबाखूचें पान, जुनें चामडें यांची आठवण करून देणारा वास त्याला येऊं लागतो. या पालटासाठींच जाणते लोक वाट पाहतात. परंतु पालट हा कांहीं कायम चढता नसतो. प्रत्येक मद्याचा एक कळस असतो. तो ओलांडला कीं उतार लागतो, आणि उताराच्या शेवटीं बाटलींत आंबट, निर्जीव पाणी उरतें. बहुतेक मद्यें तर थोड्याच वर्षांत पिऊन टाकावयाचीं असतात. जुनें तितकें श्रेष्ठ, ही समजूत ज्यांनीं वाइन चाखली नाहीं त्यांची आहे, किंवा ज्यांना ती विकावयाची आहे त्यांची.

दुसरी गोष्ट श्रेणीची. १८५५ सालीं पॅरिसमध्यें मोठें प्रदर्शन भरलें, त्यासाठीं बोर्दोच्या दलालांनीं तेथील उत्तम लाल मद्यांची पांच श्रेणींत यादी केली. पहिल्या श्रेणींत चार मळे आले: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (लातूर हें नांव वाचून आमच्या मराठवाड्यांतील वाचकांनीं हुरळून जाऊं नये, हा फ्रान्समधील एक द्राक्षमळा आहे.) १९७३ सालीं मूताँ या मळ्याला पहिल्या श्रेणींत बढती मिळाली, एवढा अपवाद सोडल्यास ही पहिली पंगत आजपर्यंत तशीच बसलेली आहे. आतां या यादीला आधार कशाचा होता? दलालांनीं पेले भरून परीक्षा घेतली नव्हती. कोणत्या मळ्याच्या मद्याला बाजारांत वर्षानुवर्षें काय भाव येत होता, तें पाहून त्यांनीं यादी केली. म्हणजे किंमतीवरून श्रेणी ठरली, आणि पुढें श्रेणीवरून किंमत ठरूं लागली. आमचे नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. दलाल अप्रामाणिक होते असें नाहीं. बाजारभावांतहि पुष्कळ लोकांच्या पुष्कळ वर्षांच्या अनुभवाचा अर्क असतो. परंतु परीक्षेच्या जागीं कीर्ति बसविण्याची संवय या व्यवहाराला जन्मापासूनच जडली होती, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

तिसरी गोष्ट लिलावाची. लंडनच्या ख्रिस्टीज या प्रसिद्ध लिलावगृहानें १९६६ सालीं मद्याचें स्वतंत्र खातें काढलें आणि तें मायकेल ब्रॉडबेंट या विद्वान व चोखंदळ गृहस्थाच्या हातीं दिलें. सरदार-जमीनदारांच्या वाड्यांखालील तळघरें धुंडाळून, पिढ्यान् पिढ्या पडून राहिलेल्या बाटल्या त्यानें उजेडांत आणल्या. त्याच्या याद्या म्हणजे एक निराळाच वाङ्मयप्रकार आहे. बाटलींतील मद्य किती उरलें आहे, पातळी गळ्याशीं आहे कीं खांद्यावर उतरली आहे, चिठ्ठी फाटली आहे कीं शाबूत आहे, बूच मूळचें कीं मागाहून बदललेलें, माल कोणाच्या तळघरांतून आला, ही सर्व माहिती त्यांत असे. आणि जोडीला पूर्वी केव्हां तरी तेंच मद्य चाखल्याची टिपणें असत. विकत घेणाऱ्याला बाटली उघडून पाहतां येत नाहीं. त्याच्या हातीं असतो तो केवळ शब्द. म्हणून या व्यवहारांत परीक्षकाच्या शब्दाला जेवढें मोल आहे तेवढें क्वचितच दुसरीकडे असेल.

या पार्श्वभूमीवर वॉलेस यांची कथा सुरू होते. ५ डिसेंबर १९८५ रोजीं ख्रिस्टीजमध्यें काळसर हिरव्या कांचेची एक बाटली लिलावास निघाली. तिला चिठ्ठी नव्हती. कांचेवरच १७८७ हें साल, ‘लाफीत’ हें नांव आणि थॉमस जेफर्सन याचीं म्हणून सांगितलेलीं आद्याक्षरें कोरलेलीं होतीं. जेफर्सन हा पुढें अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष झाला. १७८५ ते १७८९ या काळांत तो फ्रान्सच्या दरबारीं अमेरिकेचा वकील होता, द्राक्षमद्याचा मोठा जाणकार होता आणि १७८७ सालीं तो स्वतः बोर्दोला जाऊनहि आला होता. बाटली विक्रीस ठेवणारा हार्डी रॉडेनस्टॉक या नांवाचा जर्मन गृहस्थ सांगे कीं, पॅरिसमधील एका जुन्या घराच्या तळघरांत भिंतीनें बुजविलेल्या जागीं असल्या कांहीं बाटल्या सांपडल्या. घर कोणतें, बाटल्या किती, हें त्यानें कधींच सांगितलें नाहीं. कांचेच्या तज्ज्ञांनीं बाटली व अक्षरें त्या काळचीं वाटतात असा अभिप्राय दिला. बाटलींतील पातळी इतक्या वयाच्या मानानें आश्चर्य वाटावें इतकी वर होती. दोन मिनिटांच्या आंत बोली १ लाख ५ हजार पौंडांवर जाऊन थांबली, आणि अमेरिकेंतील फोर्ब्स या धनाढ्य घराण्याच्या चिरंजीवांनीं ती बाटली घेतली. एका बाटलीला तोंवर इतकी किंमत कधीं आली नव्हती.

पुढें त्या बाटलीचें काय झालें? फोर्ब्स यांनीं ती न्यूयॉर्कमधील आपल्या संग्रहालयांत जेफर्सनच्या इतर वस्तूंबरोबर मांडली. प्रकाशासाठीं लावलेल्या दिव्यांच्या उष्णतेनें बूच सुकलें आणि घसरून आंत पडलें. मद्याचा शिरका झाला असणार, आणि पुस्तकाच्या नांवांतील उपहास हाच. तशाच कोरीव आद्याक्षरांची, मार्गो मळ्याची म्हणविणारी एक बाटली न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यानें विक्रीस ठेवली होती. १९८९ सालीं तो ती मोठ्या कौतुकानें एका मेजवानीला घेऊन गेला, ती टेबलाच्या कडेला आपटून फुटली, आणि आंतलें मद्य गालिच्यांत जिरलें. विमा कंपनीनें त्याला २ लाख २५ हजार डॉलर भरून दिले. गालिच्याला चव कशी लागली, हें विचारण्याची सोय नाहीं.

खरा उलगडा झाला तो वीस वर्षांनीं. बिल कोच या अमेरिकन उद्योगपतीनें १९८८ सालीं असल्या चार बाटल्या सुमारें ५ लाख डॉलरांना घेतल्या होत्या. २००५ सालीं बोस्टनच्या कलासंग्रहालयांत त्याच्या संग्रहाचें प्रदर्शन भरावयाचें होतें, म्हणून बाटल्यांचा पूर्वेतिहास मागविला गेला. माँटिसेलो येथें जेफर्सनचें घर आहे व त्याच्या कागदपत्रांचा अभ्यास तेथें चालतो. तेथून उत्तर आलें कीं, या बाटल्या जेफर्सनच्या होत्या असें मानण्यास आधार सांपडत नाहीं. जेफर्सन हा रोजच्या खर्चाची पै-पै लिहून ठेवणारा माणूस. त्याच्या पत्रांत व हिशेबांत या मद्याचा मागमूस नव्हता. विशेष म्हणजे हा संशय तेथील अभ्यासकांनीं १९८५ सालींच, लिलावाच्या सुमारास, व्यक्त केला होता. पण हातोडी पडण्याच्या आवाजांत तो कोणाला ऐकूं गेला नाहीं. कोचनें निवृत्त पोलीस तपासनीस कामाला लावले. कोरीव अक्षरें तपासणाऱ्यांनीं सांगितलें कीं, तीं विजेवर चालणाऱ्या, दंतवैद्याकडे असतें तशा हत्यारानें कोरलेलीं आहेत. आणि जेफर्सनच्या काळीं असलें हत्यार असणें अशक्य. मद्याची परीक्षा भौतिकशास्त्राच्या मार्गानेंहि झाली. अणुस्फोट सुरू झाल्यावर, म्हणजे १९४५ नंतर, सीझियम-१३७ हें द्रव्य हवेंत पसरलें व त्यानंतरच्या सर्व मद्यांत तें उतरलें आहे. कोचच्या बाटलींत तें आढळलें नाहीं. परंतु त्यावरून मद्य १९४५ च्या पूर्वीचें एवढेंच सिद्ध होतें, १७८७ चें ठरत नाहीं. कोचनें २००६ सालीं न्यूयॉर्कच्या कोर्टांत दावा लावला. रॉडेनस्टॉकनें त्या कोर्टाचा अधिकारच मानला नाहीं, आरोप शेवटपर्यंत नाकारले, आणि २०१८ सालीं तो मरण पावला.

ही सारी कथा वॉलेस यांनीं मोठ्या कौशल्यानें सांगितली आहे. त्यांची भाषा सरळ आहे, माणसें जिवंत उभीं राहतात, आणि पुढें काय होतें ही उत्कंठा शेवटच्या पानापर्यंत टिकते. मद्याविषयीं कांहीं न जाणणाऱ्या वाचकाला त्यांनीं कोठेंहि वाट चुकूं दिलेली नाहीं. न्यायासाठीं एक गोष्ट मात्र येथें नमूद केली पाहिजे. या पुस्तकामुळें आपली अप्रतिष्ठा झाली म्हणून ब्रॉडबेंट यांनीं इंग्लंडांत दावा लावला. २००९ सालीं प्रकाशकांनीं माफी मागितली, भरपाई दिली व तेथें पुस्तक न विकण्याचें मान्य केलें. २०२० सालीं ब्रॉडबेंट निवर्तले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचें मला प्रयोजन नाहीं; माझा पुढील मुद्दा तर ते सचोटीचे होते असें धरूनच उभा आहे.

तो मुद्दा असा. वॉलेस यांनीं ही कथा ठकबाजीची म्हणून सांगितली आहे: कोणीं फसविलें, कोण फसलें, आणि पैसे किती गेले. परंतु लक्षाधीशांचे पैसे गेले याचें दुःख आपण कशाला करावें? त्यांना तें परवडतें. या प्रकरणांत ज्याची खरी हानि झाली तो माणसाचा आस्वादक विवेक, आणि त्या हानीचा हिशेब पुस्तकांत पुरता मांडलेला नाहीं. असें पाहा: रॉडेनस्टॉक दरवर्षी मोठ्या मेजवान्या देई. तेथें अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील म्हणून दुर्मिळ बाटल्या फुटत, आणि जगांतील नामवंत परीक्षक त्यांवर टिपणें लिहीत. अठराव्या शतकांतील मद्याची चव म्हणून त्या काळच्या परीक्षकांनीं जी सांगितली, तिच्यांतील बराच भाग या मेजवान्यांतील पेल्यांवरच आधारलेला आहे. म्हणजे ज्या बाटलीची परीक्षा करावयाची, तीच परीक्षेचें प्रमाण होऊन बसली. पुन्हां तोच अन्योन्याश्रय! १९९५ सालीं म्युनिकमध्यें अशाच एका मेजवानींत पेत्रूस मळ्याच्या १९२१ सालच्या मोठ्या बाटलीला रॉबर्ट पार्कर या अत्यंत वजनदार अमेरिकन परीक्षकानें १०० पैकीं १०० गुण दिले. त्या सालीं तसल्या मोठ्या बाटल्या मळ्यांतून मुळांत निघाल्या होत्या काय, याबद्दल पुढें गंभीर शंका निघाल्या. गुण मात्र जगभर वाचले गेले.

येथें परीक्षकांना खोटे म्हणणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं. पेल्यांत जें होतें तें कदाचित् खरोखरीच रुचकर असेल. प्रश्न असा कीं, त्यांना जी थोरवी जाणवली ती पेल्यांतून आली कीं त्यांनीं आधीं ऐकलेल्या नांवांतून? याचें उत्तर प्रयोगांनीं दिलेलें आहे. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील प्रयोगांत मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढें पांढऱ्या मद्याचे पेले ठेवले, त्यांतील एकांत चव नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनीं त्या रंगविलेल्या पांढऱ्या मद्याचें वर्णन लाल मद्याच्या ठराविक शब्दांत केलें. डोळ्यांनीं जिभेला काय लागावें तें सांगून ठेवलें होतें. त्यापूर्वी, २४ मे १९७६ रोजीं, पॅरिसमध्यें फ्रेंच परीक्षकांनीं चिठ्ठ्या झांकून लाल मद्यें चाखलीं. तेव्हां मूताँ आणि ओ-ब्रियाँ यांना मागें टाकून पहिला नंबर आला तो कॅलिफोर्नियांतील एका तरुण मळ्याच्या मद्याचा.

साहित्याच्या शिक्षकाला यांत नवल वाटूं नये. केंब्रिजचे प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना कवींचीं नांवें काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ सालीं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथांत छापले. नांवाचा आधार काढून घेतांच चांगलीं शिकलेलीं मुलें कशीं चांचपडूं लागतात, तें त्या ग्रंथांत पाहावें. आपल्याकडील परिस्थिति निराळी आहे काय? आमच्या परीक्षणांत ‘भाषा ओघवती’, ‘शैली प्रासादिक’, ‘चित्रण हृदयस्पर्शी’ हे शब्द ग्रंथ वाचून येतात कीं मुखपृष्ठावरील नांव वाचून, हा प्रश्न प्रत्येक परीक्षकानें एकांतांत स्वतःला विचारावा. मद्याच्या टिपणांतील ‘देवदार’ आणि ‘तंबाखू’ यांना आपण हंसतों. पण ते शब्द निदान वस्तूकडे बोट दाखवितात, आमच्या विशेषणांना तेवढेंहि श्रेय देतां येईल कीं नाहीं याची शंका आहे.

वॉलेस यांचें पुस्तक जेथें संपतें, त्यानंतर याच नाटकाचा दुसरा अंक झाला आणि तो पहिल्याहून बोधप्रद आहे. रूडी कुर्नियावान या नांवाचा, इंडोनेशियांत जन्मलेला एक तरुण कॅलिफोर्नियांत राही. त्याची जीभ असामान्य होती असें त्याच्याबरोबर बसलेले लोक सांगत. ऑक्टोबर २००६ मध्यें न्यूयॉर्कच्या एका लिलावांत त्याच्या संग्रहांतील मद्याचे सुमारें २ कोटि ४७ लाख डॉलर आले. एप्रिल २००८ मध्यें बर्गंडी प्रांतांतील पाँसो या मळ्याच्या कांहीं बाटल्या त्यानें विक्रीस पाठविल्या. त्यांत ‘क्लो सँ-दनी’ नांवाच्या मद्याच्या १९४५ सालापासूनच्या बाटल्या होत्या. मळ्याचे मालक लोराँ पाँसो यांनीं यादी वाचली आणि ते थेट न्यूयॉर्कला आले. कारण सोपें होतें: तें मद्य त्यांच्या घराण्यानें १९८० नंतर बनविण्यास सुरुवात केली होती. लॉट मागें घेतले गेले. मार्च २०१२ मध्यें कुर्नियावानला अटक झाली तेव्हां त्याच्या घरांत जुन्या मळ्यांच्या नांवांच्या चिठ्ठ्या, बुचें, शिक्के आणि मिश्रणांच्या कृती सांपडल्या. डिसेंबर २०१३ मध्यें तो दोषी ठरला, २०१४ सालीं त्याला १० वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२१ सालीं त्याला अमेरिकेंतून घालवून देण्यांत आलें. या माणसाची जीभ खोटी नव्हती. ती इतकी खरी होती कीं जुन्या मद्याची हुबेहूब नक्कल तिच्या साह्यानें त्याला करतां आली. तेव्हां रसज्ञता हा सचोटीचा पुरावा नव्हे, हाहि धडा येथें घेण्यासारखा आहे.

आतां दोन्ही प्रकरणांत खोटें कोणीं ओळखलें तें पाहूं. एकांत जेफर्सनचे हिशेब वाचणाऱ्या अभ्यासकांनीं, दुसऱ्यांत आपल्या वाडवडिलांनीं काय केलें हें जाणणाऱ्या मळेवाल्यानें. जिथें जिभा हरल्या तिथें वही जिंकली. साहित्याच्या इतिहासांतहि असेंच घडलेलें आहे. १७९५ च्या सुमारास विल्यम हेन्री आयर्लंड या पोरसवदा इंग्रजानें शेक्सपिअरचे म्हणून कागद बनविले. जॉन्सनचा चरित्रकार बॉसवेल त्यांच्यापुढें गुडघे टेकून त्यांचें चुंबन घेता झाला! रसिकतेंत बॉसवेल कांहीं कमी नव्हता. पण खोटें उघडें पाडलें तें एडमंड मलोन या संशोधकानें, जुन्या काळचीं अक्षरें, शुद्धलेखन आणि दस्तऐवज ताडून पाहून, १७९६ सालीं. संशोधक म्हणजे धुळींत लोळणारा अरसिक प्राणी, अशी थट्टा आमच्याकडील रसिकमंडळी करीत असतात. त्यांनीं हीं उदाहरणें विसरूं नयेत. संशोधन हें रसिकतेचें शत्रु नव्हे, तें तिचें कवच आहे.

यावर कोणी चतुर वाचक असा आक्षेप घेईल: पिणाऱ्याला जर तोच आनंद मिळाला, तर बाटली खरी कीं खोटी या चौकशीचें प्रयोजन काय? आनंद हाच रसाचा पुरावा. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण मला तो मान्य नाहीं. जुन्या मद्याचा आनंद केवळ जिभेचा नसतो. एका विशिष्ट वर्षाचें ऊन, पाऊस, त्या वर्षीं त्या मळ्यांत राबलेले हात, आणि नंतर अंधारांत गेलेला दीर्घ काळ, या सर्वांची साक्ष पेल्यांत आहे, या जाणिवेनें तो आनंद भारलेला असतो. बोर्दोचें १९४५ चें उत्तम मद्य पितांना माणूस युद्ध संपलें त्या वर्षाचें पीक पीत असतो. काळ ही त्या रसाची सामग्री आहे. बनावट बाटली चवीबद्दल खोटें बोलत नसेल, पण काळाबद्दल खोटें बोलते. आणि ज्याला आपण साक्षीदार समजून मान दिला तो भाडोत्री निघावा, असा अपमान पिणाऱ्याच्या पदरीं येतो. आपल्या वाङ्मयांतहि हें आहेच. ज्ञानेश्वरींत मागाहून शिरलेल्या ओंव्या कदाचित् कानाला गोडहि लागल्या असतील. तरीसुद्धां शके १५०६ मध्यें, म्हणजे इसवी सन १५८४ सालीं, एकनाथांनीं प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढें कोणी त्यांत भर घालूं नये अशी कडक ताकीद देऊन ठेवली. एकनाथ स्वतः श्रेष्ठ कवि होते. ओंवीची गोडी त्यांना आम्हांहून अधिक कळत होती. तरी गोडीवर न विसंबतां त्यांनीं प्रतींचा आधार घेतला, यांतच त्यांचें मोठेपण आहे.

तेव्हां नांव म्हणजेच सर्व कांहीं, हें एक टोक आणि नांवाला कांहींच अर्थ नाहीं, हें दुसरें टोक, दोन्ही त्याज्य. नांवाची परीक्षा रसानें व्हावी आणि रसाची परीक्षा आधारानें व्हावी, हाच सरळ मार्ग. लिलावाच्या बाजारालाहि तो थोडाफार उमगलेला दिसतो. ऑक्टोबर २०१८ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत रोमाने-काँती या बर्गंडीच्या मळ्यांतील १९४५ सालची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरांना गेली. जुन्या द्राक्षवेली उपटून टाकण्यापूर्वीचें तें शेवटचें पीक. त्या सालीं सुमारें ६०० बाटल्याच निघाल्या होत्या. पण तेवढ्यानें ही किंमत आली नसती. ती बाटली रोबेर द्रुएँ या बर्गंडीच्याच जाणत्या व्यापाऱ्याच्या तळघरांतून आली होती, आणि घेणाऱ्यानें जी किंमत मोजली तींत त्या भरंवशाचा भाग मोठा होता.

तरीहि एक शल्य उरतेंच. इतकें मोल देऊन घेतलेली बाटली बहुधा उघडली जात नाहीं. चित्र भिंतीवर टांगून हजारदां पाहतां येतें, ग्रंथ पुन्हां पुन्हां वाचतां येतो. मद्य एकदांच भोगतां येतें आणि भोगतांच नाहींसें होतें. म्हणून धनिक संग्राहक बाटली बंद ठेवून तिच्या किंमतीचाच उपभोग घेतो. पान न कापलेले ग्रंथ कांचेच्या कपाटांत लावून ठेवणारे गृहस्थ आपण पाहिलेले आहेत. त्यांची ही श्रीमंत आवृत्ति. बनावट मालाला खरें अभय मिळतें तें या न उघडण्यामुळेंच. जी बाटली उघडावयाचीच नाहीं तिच्यांत काय आहे याची चिंता कोणाला? विकणाऱ्यास ती नको असते आणि घेणाऱ्यास ती परवडत नाहीं, कारण उघडली कीं किंमत गेली.

वॉलेस यांचें पुस्तक रहस्यकथेच्या हौसेनें वाचावें. वाचकाची निराशा होणार नाहीं. मात्र तें मिटतांना आपल्या घरांतील कपाटाकडेहि एकदां नजर टाकावी. थोर म्हणून ज्यांचीं नांवें आपण मुलांना पाठ करावयास लावतों, त्यांच्यापैकीं किती ग्रंथ आपण उघडले आहेत, आणि जे उघडले त्यांच्याविषयीं आपण जें बोलतों तें आपल्या जिभेनें चाखलेलें आहे कीं दुसऱ्याच्या टिपणांतून घेतलेलें आहे? ज्या समाजांत या प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें देणारे पांच-पन्नास वाचक आहेत, तेथें खोट्या मालाच्या व्यापाऱ्याला दुकान फार दिवस चालवितां येत नाहीं.